मागच्या भिंतीतल्या तारा

मारिक्रूझने परवान्याचा कागद पुढच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा पुढे होऊन एक कोपरा अंगठ्याने दाबला, आणि मग थेट फुटपाथवर जाऊन तो तिथून वाचता येतो का ते बघून आली.

"अमा, नाव दिसतं! रस्त्यावरून दिसतं!"

"दिसणारच. तुझ्या बापाने ठेवलंय तेवढं लांबलचक," स्वयंपाकघरातून तिची आई अंपारो म्हणाली. "पाय पुसून आत ये."

चौदा वर्षं मारिक्रूझने दुसऱ्यांच्या हाताखाली शिकागोभर वायरिंग केलं होतं. गेल्याच महिन्यात ती शहराची वीजकामाची मोठी परीक्षा पास झाली आणि आता काम तिच्या स्वतःच्या नावावर निघत होतं. हा पहिला परवाना. आणि तोही कुठल्या कामाचा, तर ला विलीता या मेक्सिकन वस्तीतल्या आईबापांच्याच घराचा. अंपारोच्या स्वयंपाकघरात मिक्सर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की अर्धं घर अंधारात जायचं. चर्चच्या सणाला दोनशे तमाले, मक्याच्या पानातली पुरणं, वाफवणाऱ्या बाईने किती दिवस सोसायचं? तिला सहा नवे प्लग हवे होते. सहाच्या सहा मागच्या भिंतीत, ओट्याच्या वर.

"शनिवारी भिंत उघडायची," खुर्ची ओढत मारिक्रूझ म्हणाली. "सोमवारी नऊ वाजता तपासनीस येणार. मंगळवारी नाचोमामा फळ्या लावून बंद करणार. चार दिवसांचा खेळ."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचा बाप रेफुहियो, ज्याला सगळा मोहल्ला कुको म्हणायचा, तोंडाशी नेलेला घास तसाच धरून बसला. टॉर्टियातून सालसा गळून शर्टावर पडला तरी त्याला पत्ता नाही.

"मागची भिंत?" तो म्हणाला. "ती... चांगली आहे की."

"भिंतीला काही झालेलं नाही, अपा. तिच्या आतून नवी लाइन न्यायचीये."

"वरून पाइप लाव ना. भिंतीच्या वरून. फोडाफोडी कशाला?"

"म्हाताऱ्या, माझं स्वयंपाकघर आहे, तुझा चॉकलेटचा कारखाना नाही," अंपारो म्हणाली. "वरून पाइप नको मला."

त्या भिंतीत काय आहे हे जगात फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो आत्ता शर्टावरचा सालसा पुसत होता.

झालं होतं असं. एक्क्याण्णव साली, मारिक्रूझ पाच वर्षांची असताना, कुकोने घराच्या मागे हे स्वयंपाकघर स्वतःच्या हाताने वाढवलं. लाकडाचा सांगाडा त्याने उभा केला, छप्पर त्याने घातलं, खिडकी त्याने बसवली. राहिलं होतं फक्त वायरिंग. लोखंडी नळ्या त्याने आणून ठेवल्या होत्या, येत्या रविवारी घालू म्हणून. तेवढ्यात शुक्रवारीच त्याचा मेहुणा नाचो दोन माणसं आणि ट्रकभर फळ्या घेऊन दारात उभा. "आज लावतो, नाहीतर महिनाभर वेळ नाही," म्हणाला. कुकोने विचार केला. मेक्सिकोत मिचोआकानला, त्याच्या गावी, भिंती सिमेंटच्या विटांच्या. तिथे भिंतीला खाच पाडून नळी पुरायची आणि नळीतून तारा ओढायच्या, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण इथली भिंत आतून पोकळ. दोन्हीकडून फळ्या लागल्या की आत बंद जागा झाली. मग ही भिंतच एक मोठी नळी नाही का? त्याने कारखान्याच्या भंगारातून आणलेलं लाल वायरचं भेंडोळं सोडलं, उभ्या लाकडांना भोकं पाडली आणि सुट्या तारा, एक इथून, एक तिथून, ओवून टाकल्या. नाचोच्या माणसांनी वर फळ्या ठोकल्या. दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नळ्या पुढे कुठेतरी कुंपणाला लागल्या.

तेव्हापासून एकतीस वर्षं कुकोने त्या भिंतीला कुणाला खिळा मारू दिला नाही. कॅलेंडर नाही, घड्याळ नाही, ग्वादालुपेच्या माउलीची तसबीरसुद्धा नाही. तीही समोरच्या भिंतीवर गेली. लोकांना वाटायचं, स्वतः बांधलेली भिंत, जीव आहे बिचाऱ्याचा तिच्यावर. दिवा जरा लुकलुकला की सगळ्यात आधी कुको उठायचा, भिंतीला तळवा लावून बघायचा. अंपारो म्हणायची, "ताप बघतोस का तिचा?"

शुक्रवारी तो नाचोकडे गेला आणि नळीशिवायच्या तारांचं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. नाचो गराजमध्ये फळ्या मोजून ठेवत होता.

"तिला सांगून टाकू का?" कुकोने विचारलं.

"वेडा आहेस? काही बोलू नकोस. निघाल्या तारा की म्हण, जुनं घर आहे, कुणी केलं कुणास ठाऊक."

"अरे गाढवा, घर मी बांधलंय!"

"हां," नाचो डोकं खाजवत म्हणाला. "ते आहे खरं."

शनिवारी सकाळी आठलाच मारिक्रूझ आली ती शीळ घालत. ओटा रिकामा केला, शेगडी ओढून बाजूला केली, जमिनीवर जुनी चादर पसरली. तळघरात जाऊन तिने स्वयंपाकघराचे दोन्ही ब्रेकर पाडले. वर येऊन प्रत्येक प्लगला टेस्टर लावला. सगळे मेलेले. पुढच्या खोलीतून लांब वायर आणून तिने छोटी यांत्रिक करवत जोडली आणि भिंतीवर पेन्सिलीने सरळ रेघ मारली.

"अपा, नळी साधारण कुठून गेलीये? या उंचीने?"

"साधारण," कुको म्हणाला.

"असू दे. लागली तर करवत नुसती खरवडेल. लोखंडच आहे."

तिने चष्मा डोळ्यांवर ओढला. करवत सुरू झाली. आणि कुकोच्या डोक्यात, इतकी वर्षं कधी आली नव्हती ती गोष्ट एकदम लख्ख उभी राहिली. मागच्या अंगणातला दिवा! त्याची तार याच भिंतीतून जात होती, आणि ती स्वयंपाकघराच्या ब्रेकरवर नव्हतीच. ती त्याने तेव्हा न्हाणीघराच्या लाइनवरून घेतली होती. करवतीच्या पात्यात आणि त्या जिवंत तारेत लोखंड नव्हतं. काहीच नव्हतं.

"थांब!" तो ओरडला. एवढ्या मोठ्याने, की अंपारोच्या हातातलं ताट पडलं. "मारिक्रूझ, थांब! मागे हो! आत नळी नाहीये!"

करवत बंद झाली. मारिक्रूझने चष्मा कपाळावर नेला.

"नळी नाहीये म्हणजे?"

"नुसत्या तारा आहेत. सुट्या. मी घातल्या. आणि अंगणातल्या दिव्याची जिवंत आहे, तिचा ब्रेकर वेगळा."

मारिक्रूझने करवत जमिनीवर ठेवली, तळघराचा जिना दोन-दोन पायऱ्या उतरली, आणि अख्ख्या घराची मेन खटकन पडल्याचा आवाज वरपर्यंत आला. फ्रिज हुंकार देऊन गप्प झाला. ती वर आली तेव्हा तिच्या हातात साधी हातकरवत होती.

"आता बघू," ती म्हणाली.

पहिली फळी निघाली तशी आतून एकतीस वर्षांची धूळ बाहेर आली. मग त्या दिसल्या. लाल तारा, लोंबत्या, ढिल्या, जशा तोरणाच्या दोऱ्या. एक वरच्या भोकातून गेलेली, तिची जोडीदारीण पार खालून. एका ठिकाणी दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेली, आणि ती गाठ तशीच हवेत टांगलेली. या सगळ्यात सकाळपासून दारात उभा राहून कॉफी पिणारा नाचो पुढे झाला.

"वा रे कुको! हे वायरिंग आहे की वाळत घातलेले कपडे?"

"मामा, इकडे या," मारिक्रूझने टॉर्च मारला. "हा खिळा कुणाचा?"

नाचोच्या माणसांनी ठोकलेला एक लांब खिळा लाकडाला चुकून आत घुसला होता. जाता जाता त्याने एका तारेचं आवरण खरवडलं होतं. नखाएवढं तांबं उघडं पडलं होतं, आणि खिळ्यात आणि तांब्यात जेमतेम कागद जाईल एवढं अंतर.

नाचोने कॉफीचा कप खाली ठेवला. त्या दिवशी पुन्हा त्याने वायरिंगवरून कुणाची थट्टा केली नाही.

"रागवतेस?" कुकोने हळूच विचारलं.

मारिक्रूझ जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिने ती लाल तार बोटांत धरून मागेपुढे केली. "अपा, हिच्या अंगावर नुसता सदरा आहे. सुटी तार कधीच बाहेर फिरण्यासाठी बनवलेली नसते. तिला कोट लागतो, नळी म्हणजे तिचा कोट. खिळा आला, उंदीर आला, करवत आली, तर मार कोटाला बसतो. बाकी देशात बऱ्याच ठिकाणी जाड आवरणाची केबल भिंतीत चालते. आपल्या शहरात घरातसुद्धा लोखंडी नळीच. आणि सुटी तार नुसतीच भिंतीत? ती कुठेच चालत नाही."

"भिंतच नळी, असं वाटलं मला तेव्हा."

मारिक्रूझने बापाकडे पाहिलं. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ती जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भिंतच नळी! मामा, ऐकलंत? अहो, चौदा वर्षांत मी नाना कारणं ऐकली, पण एवढं सुंदर कारण कुणी दिलं नाही!"

अंपारोलाही हसू आलं. पण लगेच ती कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली. "म्हणजे माझी माउलीची तसबीर म्हणून तिकडे? एकतीस वर्षं? आणि मी शेजारणींना सांगत होते, माझा कुको किती हळवा!"

कुको खाली बघत होता. पण का कोण जाणे, त्याला एकदम हलकं वाटत होतं, जडशीळ पोतं पाठीवरून उतरावं तसं. भूकही लागली होती.

मारिक्रूझ उठली. तिचे डोळे चमकत होते. "ऐका. आता सहा प्लगपुरती भिंत उघडून भागणार नाही. अख्खी उघडायची. जुनं सगळं काढायचं, नवं सगळं नळीत. आणि तपासनीस सोमवारी नऊलाच. तो मिस्टर लेथम आहे. त्याने आमच्या जुन्या साहेबाला नळी भिंतीला धरून ठेवणाऱ्या एका सुट्या सॅडलसाठी परत बोलावलं होतं."

"तारीख पुढे ढकल ना," नाचो म्हणाला.

"पहिलाच परवाना, आणि पहिल्याच तारखेला पळू? नाही! अपा, कारखान्यात पाकाच्या नळ्या कोण वाकवायचं?"

"मीच. सत्तावीस वर्षं."

"एक तरी चेपली?"

"पाकाची नळी चेपली तर कॅरॅमल अडकतं, पोरी. चेपून चालतच नाही."

"मग चला," म्हणत तिने नळी वाकवायचा लांब दांड्याचा बेंडर त्याच्या हातात दिला.

दुपारपर्यंत भिंत नागवी झाली. ओळीने उभी लाकडं, त्यांच्या मधून मागच्या अंगणाच्या बाजूची फळी. नाचो मलबा भरून बाहेर नेत होता. लाल तारा मारिक्रूझने कापून, गुंडाळून दाराबाहेर ठेवल्या. तळघरातल्या ब्रेकरच्या पेटीपासून नळी वर येणार, भिंतीतून आडवी जाणार, खिडकीच्या वरून वळसा घेऊन पलीकडच्या शेवटच्या प्लगपाशी उतरणार. तिने खडूने सगळं लाकडांवर आखलं.

कुकोने पहिली नळी बेंडरमध्ये घातली, पाय ठेवला आणि जोर लावला. नळी वाकली, पण वाकताना किंचित फिरली. हातात धरली तर एक टोक पूर्वेला, एक ईशान्येला.

"हिला काय म्हणतात माहितीये?" मारिक्रूझ म्हणाली. "कुत्र्याचा मागचा पाय."

"कारखान्यातलं तांबं मऊ असतं," कुको पुटपुटला. "हे लोखंड हट्टी आहे. तुझ्या आईसारखं."

"ऐकू येतंय मला!" आतून अंपारो.

दुसरी नळी थोडी बरी. तिसरी घेताना त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या, खुणेवर नजर रोखली, दांडा ओढण्याआधी पायाने वजन टाकलं. नळी पाण्यासारखी वळली. काटकोन! मारिक्रूझने गुण्या लावून पाहिला, मग बापाकडे पाहिलं, मग पुन्हा गुण्याकडे.

"अपा... सुईएवढाही फरक नाही."

बस, त्यानंतर कुकोला आवरणं कठीण झालं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारा, तो शिडीवर चढत होता, उतरत होता, माप घेत होता, "अजून एक दे, अजून एक दे" म्हणत होता. नळी खाचेत बसली की तिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकत होता. मारिक्रूझ प्लगचे आणि जोडणीचे लोखंडी डबे लावत होती आणि लावता लावता नियम सांगत होती. जाणारी आणि परतणारी तार एकाच नळीत, जोडीने, कधी ताटातूट नाही. नळीत तारा कोंबायच्या नाहीत, अर्ध्याहून जास्त जागा मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर त्या तापतात. गाठ मारायची ती डब्यातच, आणि डब्याचं झाकण कायम उघडता आलं पाहिजे, भिंतीत पुरायचं नाही.

"आणि दोन डब्यांच्या मध्ये चार काटकोन. पाचवा नाही. चारांचा एक पूर्ण फेरा होतो, त्यापुढे तार ओढली जात नाही."

"चार," कुको म्हणाला. "समजलं."

रविवारी अंपारो एकटीच चर्चला गेली. कुकोने प्रार्थना चुकवल्याचं लग्नानंतर हे पहिलंच. "पाद्रीबाबांना काय सांगू?" तिने दारातून विचारलं. "सांग, नळ्या घालतोय," तो शिडीवरून म्हणाला. ती परत आली तेव्हा भिंतीवर चंदेरी नळ्यांची नक्षी उभी होती, सगळ्या समांतर, सगळ्या एका अंतरावर. ती पिशवी हातात तशीच धरून उभी राहिली.

"आता तारा," मारिक्रूझने हात चोळले. "अमा, तुम्ही तळघरात. तारा एकात एक न गुंतता, सरळ, हळूहळू आत सोडायच्या. मामा शिडीवर. मी आणि अपा या टोकाला ओढणार."

तिने पोलादी पट्टी शेवटच्या डब्यातून आत सरकवली. ती सरसरत नळीतून उतरली आणि तळघरात अंपारोच्या हाताशी निघाली. अंपारोने काळ्या, लाल, पांढऱ्या, हिरव्या तारांची टोकं पट्टीला बांधली आणि खालून हाक दिली, "भांड्यांचा साबण लावू का? घसरतील!"

"साबण नको! वाळला की चिकटतो! पांढऱ्या बाटलीतला लेप लावा!"

"ओढा!" थोड्या वेळाने खालून अंपारो ओरडली.

मारिक्रूझने पट्टी ओढली. कुकोने तिच्या मागून ओढली. नळीतून घसघस आवाज येऊ लागला, जणू काही जिवंत प्राणी भिंतीतून चढतोय. हात, दोन हात, पाच हात. "येतायत! सोडत राहा!" खालून अंपारोचा आवाज, "सोडतेय!" नाचो शिडीवरून नळीला कान लावून ओरडत होता, "खिडकीपाशी आल्या! आल्या! वळल्या!" अजून दोन हात. अजून...

आणि अडकल्या.

मारिक्रूझने पाय भिंतीला लावला. ओढलं. काही नाही. कुकोने तिच्या कमरेला धरून ओढलं. पट्टी ताणून तारेसारखी गुणगुणायला लागली, पण तारा जागच्या हलेनात.

"अजून जोर!" नाचो म्हणाला.

"नाही. आवरण सोलवटेल," मारिक्रूझ म्हणाली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. "कुठेतरी काहीतरी चुकतंय."

कुको मागे सरला. त्याने तळघराच्या तोंडापासून बोट फिरवत नळीचा रस्ता मोजला. वर येताना एक. आडवं होताना दोन. खिडकीशी तीन. उतरताना चार. आणि खिडकीच्या वर ते आडवं तुळईचं लाकूड. काल संध्याकाळी ते मध्ये आलं तेव्हा त्याने नळीला नुसता एक बारीकसा वळसा देऊन बाहेरून काढली होती. इकडे जरा, तिकडे जरा. इतकी सुंदर बसली होती ती, की त्याने तो वळसा मोजलाच नव्हता.

"मारिक्रूझ," तो लगेच म्हणाला. "चारच्या वर आहे. तुळईपाशी मी आडवळण घेतलंय. माझी चूक."

ती शिडीवर चढून बघून आली. "चार काटकोनांच्या वर अजून अर्ध्या काटकोनाहून जास्त वळण गेलं. आपणच ठरवलेल्या नियमाला आपणच..." तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. "मध्ये एक डबा घालायचा. तारा मागे घ्या, नळी इथे कापायची, डबा बसवायचा, तिथून नव्याने ओढायचं. डब्याचं झाकण ओट्यावर दिसेल, अमा, चालेल?"

खालून विचारणा झाली, "तिथे प्लग बसतो का?"

"बसतो की."

"म्हणजे सात झाले?"

"सात झाले!"

"मग अडकल्या ते बरंच झालं!" अंपारो तळघरातून ओरडली.

कुकोने स्वतः नळी कापली, टोकाची धार कानसीने घासून गुळगुळीत केली, बोट फिरवून तपासली. डबा बसला. पुन्हा पट्टी, पुन्हा लेप, पुन्हा "सोडा!" या वेळी तारा बोलावल्यासारख्या आल्या. आधी मधल्या डब्यातून त्यांची टोकं निघाली, लेपाने चकाकणारी, मग तिथून पुढच्या टप्प्यात. शेवटच्या डब्यातून ती चार रंगांची शेंडी बाहेर आली तेव्हा मारिक्रूझ आणि कुको दोघंही मागच्या मागे चादरीवर आपटले. नाचो शिडीवरून शिट्ट्या मारत होता. अंपारो जिना चढून धापा टाकत आली, हात लेपाने माखलेले, आणि तशाच हातांनी तिने नवऱ्याचे गाल धरले.

"चिकट करून टाकलंस," तो म्हणाला. पण त्याने तोंड पुसलं नाही.

सोमवारी नऊला तीन मिनिटं असताना करड्या रंगाची गाडी दारात थांबली. मिस्टर लेथम उंच, सडपातळ, दाढी पांढरी. हातात टॉर्च आणि काठीला लावलेला दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा. त्याने खिडकीतला परवाना वाचला, मारिक्रूझकडे पाहिलं, "पहिला?" म्हणाला. ती म्हणाली, "पहिला." तो म्हणाला, "हं," आणि आत आला.

वीस मिनिटं तो एक अक्षर बोलला नाही. तळघरातून सुरुवात केली. प्रत्येक डब्यात टॉर्च, प्रत्येक नळीच्या मागे आरसा. ओठ हलत होते. वळणं मोजत होता. मधल्या डब्यापाशी थांबला, मागची वळणं मोजली, पुढची मोजली, मान हलवली. अंपारोने कॉफी पुढे केली, त्याने "नंतर" म्हणून हात केला. मारिक्रूझ हाताची घडी घालून उभी होती, पण तिचा अंगठा कोपरावर टकटक करत होता.

मग लेथमने उभ्या लाकडांतल्या जुन्या, रिकाम्या भोकांवर टॉर्च मारला. "इथे आधी काय होतं?"

मारिक्रूझने तोंड उघडलं, पण कुको तिच्या आधी बोलला. "सुट्या तारा, साहेब. नळीशिवाय. मी घातल्या होत्या."

"कोणत्या साली?"

"एक्क्याण्णव."

"मी त्र्याण्णवला नोकरीला लागलो," लेथम म्हणाला. "नशीबवान आहात." त्याने टॉर्च पुढे सरकवला. "या नळ्या कुणी वाकवल्या?"

"माझ्या हाताखालच्या माणसाने," मारिक्रूझ म्हणाली.

"कुठे सापडला?"

"घरातच होता."

लेथमच्या दाढीत काहीतरी हललं. मग तो शेवटच्या डब्यापाशी वाकला आणि त्याने नळी बोटाने हलवली. ती हलली. "डब्यापासून तीन फुटांच्या आत सॅडल हवं. ते कुठाय?"

मारिक्रूझचा चेहरा पांढरा पडला. पण कुकोचा हात आधीच खिशात गेला होता. तिथून एक सॅडल निघालं, एक स्क्रू निघाला, शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर निघाला. गुडघे दुखतात हे विसरून तो जमिनीवर बसला, चार पीळ दिले, आणि बाजूला होऊन म्हणाला, "आता हलवा, साहेब."

लेथमने हलवली. हलली नाही.

त्याने कागद काढून भिंतीतल्या लाकडावरच टेकवला, सही केली आणि हिरवी चिकटपट्टी नळीशेजारी चिकटवली. "बंद करा भिंत," तो म्हणाला. "आणि आता ती कॉफी."

तो गेल्यावर आधी मारिक्रूझ ओरडली, मग अंपारो, मग दोघी मिळून ओट्यासमोर नाचल्या. मारिक्रूझने बापाला उचलायचा प्रयत्न केला, तो तिला जमला नाही, तेव्हा तिने त्याला नुसताच घट्ट धरून हलवला. दुपारपर्यंत कुको घराबाहेर होता. परत आला तो शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन. त्यांना त्याने भिंतीसमोर उभं केलं, टॉर्च लावला, वळणं मोजून दाखवली. संध्याकाळी चर्चमधले आले, पाद्रीबाबाही आले. कुकोने त्यांनाही गुण्या लावून दाखवला. पाद्रीबाबा म्हणाले, "म्हणून रविवारी आला नाहीस होय," आणि त्यांनी नळीवर टिचकी मारून पाहिली.

मंगळवारी सकाळी नाचो ट्रकभर फळ्या घेऊन दारात उभा. कुको दारातच आडवा.

"आज नको. गुरुवारी ये."

"का आता?"

"कारखान्यातला माझा जुना जोडीदार होलिएटहून येणार आहे. त्याला दाखवायच्यात."

"म्हाताऱ्या, मला स्वयंपाकघर हवंय!" आतून अंपारो ओरडली. "तीन दिवस मी व्हरांड्यात भाजतेय!"

"फक्त गुरुवारपर्यंत," कुको म्हणाला. "अगं, नंतर त्या कुणाला दिसणार नाहीत."

अंपारो हात पुसत बाहेर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग उघड्या भिंतीवरच्या त्या चकाकणाऱ्या नळ्यांकडे पाहिलं. "नाचो," ती भावाला म्हणाली, "फळ्या गराजमध्ये ठेव. गुरुवारी ये. आणि जाण्याआधी जोडीदाराला जेवायला काय आवडतं ते याला विचारून मला सांग."